आधी मातीला, मग भाताला

भातकापणी आणि झोडणी उरकली की सांडोर आणि वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या शेतकऱ्यांपुढे दरवर्षी एक साधा प्रश्न असतो. उरलेला पेंढा, वाडीतली केळीची खुंटे, बागेतला पाला, गोठ्यातले शेण आणि घरातला ओला कचरा यांचे करायचे काय? कुणी काडी लावून मोकळा होतो. कुणी हे सगळे पावसाच्या तोंडावर तसेच खाचरात पसरतो. पाण्यात कुजेल आणि फुकटचे खत होईल, असा त्याचा हिशेब असतो. मग लावणीनंतर पंधरवड्यात रोपे पिवळी पडतात, मुळे काळी दिसतात, चिखलाला सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि दोष बियाण्याला दिला जातो.

खरा दोष घाईचा असतो. सेंद्रिय पदार्थ मातीला हवेच असतात, पण ते कोणत्या अवस्थेत द्यायचे, यावर मातीतल्या जीवाणूंचे वागणे ठरते. ही गोष्ट सुमारे शंभर वर्षांपूर्वी इंदूरमध्ये एका इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने एका मराठी रसायनतज्ज्ञाच्या साथीने प्रयोगाने दाखवून दिली. त्या इंग्रजाचे नाव सर अल्बर्ट हॉवर्ड. आज आपण कंपोस्ट हा शब्द सहज वापरतो, त्यामागे या माणसाची भारतातली २६ वर्षे उभी आहेत.

हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातल्या बिशप्स कॅसल या लहान गावी, शेतकरी कुटुंबात झाला. लंडन आणि केंब्रिज येथे शिक्षण झाल्यावर १८९९ मध्ये ते वेस्ट इंडीजमध्ये बुरशीतज्ज्ञ म्हणून रुजू झाले. ऊस आणि कोको यांच्या रोगांवर काम करताना त्यांना एक अडचण जाणवली. रोगावर सल्ला द्यायचा, पण स्वतःकडे पीक घ्यायला जमीन नाही. मग तो सल्ला खरा की खोटा हे कळणार कसे? प्रयोगशाळेत बसून शेतकऱ्याला शिकवणाऱ्या तज्ज्ञांबद्दलचा त्यांचा अविश्वास तिथे सुरू झाला आणि आयुष्यभर टिकला.

१९०५ मध्ये ते बिहारमधल्या पुसा येथील नव्या शेती संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. त्याच वर्षी त्यांचे लग्न गॅब्रिएल मथाय यांच्याशी झाले. गॅब्रिएल स्वतः केंब्रिजमध्ये प्रकाशसंश्लेषणावर महत्त्वाचे काम केलेल्या शास्त्रज्ञ होत्या. पुढची २५ वर्षे दोघांनी एकत्र संशोधन केले. पुसा ४ आणि पुसा १२ हे गव्हाचे वाण त्यांच्याच कामातून आले आणि उत्तर भारतात मोठ्या क्षेत्रावर पेरले गेले.

पुसात हॉवर्ड यांनी हट्टाने ७५ एकर जमीन मागून घेतली. आसपासच्या बिहारी शेतकऱ्यांची पिके औषध न मारताही बऱ्यापैकी निरोगी असतात, हे त्यांच्या लक्षात आले होते. त्यांनी ठरवले की हे शेतकरी आणि पिकांवर येणारी कीड, दोघांनाही गुरू मानायचे. कीड कुठे पडते ते पाहायचे आणि तिथल्या मातीत काय बिघडले आहे, ते शोधायचे. एका गोऱ्या सरकारी अधिकाऱ्याने निरक्षर शेतकऱ्याकडून शिकायला बसणे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

भाताबाबत त्यांनी जे टिपले ते आपल्या ओळखीचे आहे. शेतकरी सगळ्या शेताला पुरेल इतके शेणखत कधीच जमवू शकत नाही. म्हणून तो ते रोपवाटिकेच्या छोट्याशा तुकड्यात ओततो. तिथे दाटीने वाढलेले रोप भरपूर नत्र अंगात साठवते आणि ती शिदोरी घेऊन हलक्या, कस नसलेल्या खाचरात जाते. लावणीनंतरचे पहिले अवघड दिवस त्यावर निभतात.

वसई-ठाण्याकडचा राब हा याच विचाराचा दुसरा अवतार. शेण, पाला, फांद्या आणि गवत यांचे थर वाफ्यावर रचून पावसाआधी भाजायचे आणि त्या भाजलेल्या मातीत आवण म्हणजे रोपे वाढवायची. राबासाठी झाडे छाटण्यावरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत शेतकरी आणि जंगलखाते यांच्यात मोठा वाद झाला आणि सरकारला त्यासाठी आयोग नेमावा लागला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह राबाचा शास्त्रीय अभ्यास करून तो १९१२ मध्ये प्रसिद्ध केला. राब म्हणजे निव्वळ अडाणीपणा नव्हे, हे मान्य होऊ लागले होते. राखेतून क्षार मिळतात, तण मरते आणि उष्णतेने मातीतले काही जीव मरून उरलेल्यांना ते खाद्य होते. पण राबाची किंमतही मोठी आहे. फांद्या-पाल्यातला जवळपास सगळा कार्बन आणि बराचसा नत्र धुरावाटे निघून जातो. रोपांना चार आठवड्यांची मदत मिळते, खाचराच्या मातीला काहीच मिळत नाही.

मग सगळ्या शेताला पुरेल एवढे खत आणायचे कुठून? पुसात या प्रश्नावर काम करणे हॉवर्ड यांना कठीण जात होते. तिथे बुरशी एका विभागाकडे, कीटक दुसऱ्याकडे, रसायन तिसऱ्याकडे आणि जीवाणू चौथ्याकडे होते. पीक मात्र या सगळ्यांचे मिळून उगवते, असे हॉवर्ड यांचे म्हणणे. अखेर १९२४ मध्ये त्यांना हवी तशी संस्था मिळाली. मध्य भारतातली संस्थाने आणि मध्यवर्ती कापूस समिती यांनी पैसा दिला, होळकर संस्थानाने इंदूरला ३०० एकर जमीन दिली आणि इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री सुरू झाली. संस्थेच्या रसायन विभागात त्यांचे मुख्य सहायक होते यशवंत वाड. ढिगातल्या पदार्थांचे पृथक्करण, कर्ब आणि नत्र यांचे हिशेब आणि कुजण्याच्या टप्प्यांच्या नोंदी हा या कामाचा कणा होता, आणि त्यात वाड यांचा वाटा मोठा होता. १९३१ मध्ये निघालेल्या, शेतीतल्या टाकाऊ पदार्थांपासून खत करण्यावरच्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्याबरोबर वाड यांचेही नाव लेखक म्हणून आहे. इंग्रजांच्या राज्यात हे आवर्जून नोंदवावे असे आहे.

इंदूर पद्धत ऐकायला अगदी सोपी वाटते. शेतातला सगळा काडीकचरा एकत्र करायचा. कपाशीच्या पऱ्हाट्या टणक असतात, म्हणून त्या रस्त्यावर टाकून बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडून घ्यायच्या. मग हा कचरा गोठ्यात गुरांखाली अंथरायचा. गोठ्यातली मूत्र मुरलेली माती, शेण आणि थोडी लाकडाची राख यांच्यासह त्याचे थर उथळ खड्ड्यात रचायचे आणि पाणी शिंपडायचे. ढीग दाबायचा नाही, हवा खेळती राहिली पाहिजे. तीन महिन्यांत तीन वेळा तो वरखाली करायचा. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरते, म्हणून जमिनीवर ढीग लावायचा. सुरुवातीला ढीग ६० अंशांच्या वर तापतो; त्या उष्णतेत तणांचे बी आणि शेणातले रोगजंतू बहुतांशी मरतात, माश्यांच्या अळ्याही टिकत नाहीत. आधी बुरशीचे राज्य असते, पुढे जीवाणूंचे. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस काळसर, भुसभुशीत, मातीच्या वासाचे खत हाती येते. चीनमधल्या शेतकऱ्यांची खत करण्याची जुनी रीत अमेरिकेच्या एफ. एच. किंग यांनी १९११ च्या पुस्तकात वर्णिली होती. हॉवर्ड यांनी तिचे ऋण नेहमी मान्य केले.

या पद्धतीमागचा विचार समजला तर सांडोरच्या पिवळ्या रोपांचे कोडे सुटते. कुजणे हे जीवाणूंचे आणि बुरशीचे जेवण आहे. त्या जेवणात कर्ब म्हणजे भाकरी आणि नत्र म्हणजे डाळ समजा. पेंढ्यात कर्ब नत्राच्या साधारण ६० ते ८० पट असतो, म्हणजे भाकऱ्यांची चळत आणि वाटीभरही डाळ नाही. असा पेंढा शेतात गेला की जीवाणू उरलेले नत्र मातीतून ओढून घेतात, अगदी पिकाच्या तोंडचे. हॉवर्ड आणि वाड यांनी ढीग रचताना हे प्रमाण ३० च्या आसपास ठेवले आणि खत तयार होईपर्यंत ते १० च्या जवळ आले. ताग गाडण्याचे प्रयोगही कधी यशस्वी तर कधी फसलेले का दिसतात, याचे उत्तर हॉवर्ड यांना इथेच सापडले. एकाच वेळी कचरा कुजवायचा आणि पीकही वाढवायचे, ही दोन कामे शेतावर टाकू नयेत. कुजवण्याचे काम बाहेर उरकावे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

भातखाचरात तर हा निष्कर्ष जास्तच लागू पडतो. पाणी साचल्यावर एक-दोन दिवसांत मातीतला प्राणवायू संपतो. पाण्याला लागून असलेल्या काही मिलिमीटर थरात आणि मुळांभोवती तेवढा तो राहतो, कारण भाताचे रोप पोकळ नळ्यांतून हवा मुळांपर्यंत पोचवते. बाकीच्या चिखलात प्राणवायूशिवाय जगणारे जीवाणू कामाला लागतात. कोणी नायट्रेट वापरतो, कोणी लोह, कोणी सल्फेट, आणि सर्वांत शेवटी मिथेन वायू सोडणारे जीव येतात. यांना कच्चा पेंढा मिळाला की ते जोमाने वाढतात. ॲसेटिक आम्लासारखी आम्ले तयार होऊन कोवळी मुळे दुखावतात आणि मिथेन कितीतरी वाढतो. खाडीलगतच्या खार जमिनीत समुद्राच्या पाण्यातले सल्फेट भरपूर असते, त्याचा हायड्रोजन सल्फाइड होतो. सडक्या अंड्याचा वास आणि काळी मुळे बऱ्याचदा त्याचीच.

तेच पदार्थ पिकलेल्या खताच्या रूपात आले तर चित्र बदलते. कस गेलेल्या जमिनीत जीवाणू असतातच, पण ते उपाशी असतात. खत मिळताच त्यांची संख्या वाढते. ते नत्र आणि स्फुरद स्वतःच्या शरीरात धरून ठेवतात आणि मरताना हळूहळू मोकळे करतात. कोकणच्या मुसळधार पावसात युरियातले नत्र वाहून जाते किंवा हवेत उडते; जीवाणूंच्या पेशीत बांधलेले तसे जात नाही. कोकणातल्या तांबड्या जमिनीत लोहाने जखडलेला स्फुरद सेंद्रिय आम्लांमुळे थोडा सुटतो. जीवाणूंच्या चिकट द्रव्यामुळे मातीचे कण एकमेकांना धरतात. खाचराच्या पाण्यातले नील-हरित शेवाळ हवेतला नत्र मातीत आणते, हे पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखवले. म्हणजे भातखाचर हे नत्राचे छोटे कारखानेच आहे, फक्त त्याचे कामगार जिवंत ठेवावे लागतात.

हॉवर्ड यांची पद्धत फार लवकर पसरली. चहा, कॉफी आणि ऊस यांच्या मळ्यांनी ती उचलली. भातावरच्या वापराचे एक उदाहरण महाराष्ट्राच्या सीमेजवळचे, निजामाच्या राज्यातल्या डिचपल्लीचे आहे. तिथल्या कुष्ठरोग रुग्णालयाच्या शेतीत डॉ. केर दांपत्याने इंदूर पद्धतीचे खत भाताला दिले आणि हॉवर्ड यांनी आपल्या पुस्तकात त्याची दखल घेतली. गांधीजींनीही 'हरिजन'मधून ही पद्धत गावोगाव नेण्याचा प्रयत्न केला.

याच यशाच्या काळात हॉवर्ड यांच्यावर मोठा आघात झाला. १९३० मध्ये गॅब्रिएल यांचे निधन झाले. दुसऱ्या वर्षी हॉवर्ड यांनी भारत सोडला. पुढे त्यांनी गॅब्रिएल यांच्या बहिणीशी, लुईझ यांच्याशी विवाह केला. १९३४ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला आणि १९४० मध्ये शेतीवरचे त्यांचे सर्वांत गाजलेले पुस्तक आले. ते त्यांनी गॅब्रिएल यांच्या स्मृतीला अर्पण केले. इंग्लंड-अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या चळवळीने त्यांना आपला आद्यपुरुष मानले.

इथून पुढचे हॉवर्ड जरा सावधपणे वाचावे लागतात. उत्तरायुष्यात ते रासायनिक खतांचे कट्टर विरोधक झाले आणि पिकाचे, गुरांचे, माणसांचे बहुतेक रोग मातीच्या नापीकपणातून येतात असे मांडू लागले. पुसातले आपले बैल शेजारच्या लाळ्या-खुरकूत झालेल्या गुरांच्या नाकाला नाक लावूनही आजारी पडले नाहीत, हा अनुभव ते पुरावा म्हणून सांगत. पण तुलनेसाठी दुसरा कळप नसलेला अनुभव म्हणजे सिद्ध झालेले विज्ञान नव्हे. लाळ्या-खुरकूतासाठी लसच टोचावी लागते, चांगला चारा तिची जागा घेत नाही. झाडांच्या मुळांवरची सहजीवी बुरशी हीच आरोग्याची किल्ली, असेही ते म्हणत. पाण्यात उभ्या असलेल्या भातात त्या बुरशीचा वाटा मर्यादित असतो. सेंद्रिय खतावर वाढलेला तांदूळ खाल्ल्याने माणसाचे रोग टळतात, असा ठोस पुरावा आजही नाही. आणि इंग्लंडमध्येच रॉथमस्टेडच्या शेतात १८४३ पासून चाललेल्या प्रयोगात रासायनिक खतांवरही पीक टिकून राहिल्याचे दिसत होते, त्याकडे त्यांनी पाठ फिरवली.

मात्र मातीतल्या जीवसृष्टीबद्दलचे त्यांचे मूळ म्हणणे काळाने खरे ठरवले. भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९७०-७१ पासून देशभर चालवलेल्या दीर्घकालीन प्रयोगांत आणि कटकच्या भात संशोधन संस्थेच्या शेतात पुन्हा पुन्हा एक गोष्ट दिसली आहे. फक्त नत्र देत राहिलेल्या वाफ्यांची ताकद ओसरते. संतुलित रासायनिक खत आणि जोडीला शेणखत मिळालेल्या वाफ्यांत मातीतल्या सूक्ष्मजीवांचे वजन सर्वांत जास्त राहते आणि उत्पन्नही टिकते. हॉवर्ड यांना हा मधला मार्ग कदाचित आवडला नसता, पण त्यातला शेणखताचा अर्धा भाग त्यांचाच आहे.

सांडोरसारख्या गावात आज खाचरे कमी होत चालली आहेत. इमारतींच्या मध्ये अडकलेल्या तुकड्यांत पाण्याचा निचरा बिघडतो, गुरे कमी झाल्याने शेण मिळत नाही आणि परवडत नाही म्हणून काही जमिनी पडीक राहतात. अशा ठिकाणी जे काही पिकते आहे ते टिकवायचे असेल, तर इंदूरचा धडा घरच्या घरी गिरवता येतो. कापणीनंतर लगेच, जमिनीत ओल असताना पेंढ्याचा ढीग लावा. त्यात ओला पाला, गिरिपुष्पाच्या कोवळ्या फांद्या आणि मिळेल तेवढे शेण मिसळा. महिन्यातून एकदा उलथा. हात घालून ढीग गरम लागत नसेल, पेंढा ओळखू येत नसेल आणि वास मातीचा येत असेल, तरच ते खत तयार झाले असे समजा. भाताला हेक्टरी १० टनांच्या आसपास, म्हणजे गुंठ्याला साधारण १०० किलो, ही नेहमीची शिफारस आहे. एवढे जमले नाही तर आधी रोपवाटिकेला द्या, ते जुनेच शहाणपण आहे. पेंढा शेतातच गाडायचा असेल तर तो कापणीनंतर, कोरड्यात गाडा. चिखलणीच्या वेळी नको. शहराच्या कचऱ्याचे खत विकत घेताना त्यात काच, प्लास्टिक, बॅटरीचे तुकडे नाहीत ना, हे पाहा, कारण जड धातू एकदा खाचरात गेले की बाहेर काढता येत नाहीत. ढीग उलथताना नाकातोंडावर फडके बांधा, हातापायांवर जखम असेल तर ती झाका आणि नंतर साबणाने हात धुवा.

सर अल्बर्ट हॉवर्ड २० ऑक्टोबर १९४७ रोजी इंग्लंडमध्ये वारले. त्याआधी दोन महिन्यांपूर्वीच, ज्या देशातल्या शेतकऱ्यांना त्यांनी गुरू मानले होते, तो देश स्वतंत्र झाला होता. त्यांचे नाव जगभर झाले, यशवंत वाड यांचे फारसे कुणाला आठवत नाही, आणि बिहारच्या ज्या शेतकऱ्यांकडून दोघांचे धडे सुरू झाले त्यांची नावे कुठेच लिहिलेली नाहीत. यंदा कापणीनंतर बांधावर पेंढ्याला काडी लावायला कुणी आगपेटी काढली, तर या सगळ्यांची आठवण ठेवून त्याला तेवढे थांबवावे. त्याच पेंढ्यातून तीन महिन्यांत पुढच्या भाताचे खत तयार होते.